सेक्रेटरीच्या बायकोची वाक्यं

वहीत, पान पहिलं

सोमवारी सकाळी आठ वाजता मी दवाखान्यात दाखल होणार. चार दिवस तिथे, मग आठवडाभर बहिणीकडे. एकूण अकरा दिवस. त्यानंतरही तीन महिने जड उचलायचं नाही असं सर्जन म्हणालेत, आणि या घरात जड म्हणजे तुझे सासरे. हर्नियाची तारीख दोनदा पुढे ढकलून झाली. आता तिसऱ्यांदा ढकलली तर सर्जन मलाच ढकलून देतील. म्हणून ही वही.

सासरे जिच्यातली वाक्यं बोलतात, ती मालिका तू पाहिलेली नाहीस. तुझा दोष नाही, तेव्हा तू जन्मालाही आली नव्हतीस. पण आता शिकावी लागेल.

१. उठवणं. "बाबा, उठा" असं म्हणून काही होत नाही. हात धरून ओढू नकोस, उजव्या खांद्यात जीव नाही. कॉटच्या डाव्या बाजूला उभी राहा आणि घाबऱ्या आवाजात म्हण, "अहो, वरचे आले!" ते म्हणतील, "येऊ दे, मी बसलोय!" आणि उभे राहतील. त्या क्षणी कमरेचा पट्टा धर.

(का, ते विचारशीलच. मालिकेतला सेक्रेटरी प्रत्येक भागात "मी बसलोय" असं म्हणत ताडकन उभा राहायचा. लोक हसायचे.)

२. भरवणं. चमचा तोंडाजवळ नेऊन म्हणायचं, "गरम आहे हं!" ते म्हणतील, "सेक्रेटरीला सगळं गरमच लागतं!" एवढं म्हणताना तोंड उघडतं, तेवढ्यात घालायचं. सूप गार असलं तरी गरमच म्हणायचं.

३. बाथरूम. "लिहून ठेवा, लिहून ठेवा!" असं एकदा म्हणाले तर वेळ आहे. दोनदा म्हणाले तर चाल. तिसऱ्यांदा म्हणाले तर फडकं आण.

४. मालिका रोज अकराला लागते, जुन्या कार्यक्रमांच्या चॅनलवर. लावायची. तेवढ्यात माझे कपडे वाळत घालून होतात.

ते काय म्हणतात आणि त्याचा अर्थ काय, ती यादी वहीच्या मागच्या बाजूने सुरू केली आहे.

वहीबाहेर

चौदा महिन्यांपूर्वी हे भाजी घेऊन येताना बसस्टॉपवर खाली बसले, ते स्वतःहून उठलेच नाहीत. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. वॉर्डातला तरुण डॉक्टर वाकून म्हणाला, "आजोबा, नाव सांगता का तुमचं?"

हे खणखणीत आवाजात म्हणाले, "पाण्याचं बोलू नका!"

डॉक्टरचा चेहरा असा फुलला, जणू त्याला कुणीतरी खाऊ दिला. त्याने लगेच मालिकेतलं पुढचं वाक्य टाकलं, "मग काय हवेचं बोलू, सेक्रेटरी?" दोन नर्सा हसल्या. झाडू मारणारी बाई हसली. आमचा मुलगा तर डोळे पुसत होता, "आई, बाबा परत आले गं, बाबा परत आले!"

मीही हसले. मला चाळीस वर्षांची सवय आहे.

यांना तहान लागली होती, हे लक्षात यायला तीन तास गेले. ओठांना भेगा पडल्या होत्या.

वहीत, मागून सुरू केलेली पानं

"पाण्याचं बोलू नका!" – पाणी हवंय.

"हा जिना आपला नाही!" – नको. पोट भरलं. हा शर्ट नको. हा पाहुणा नको.

"आता गंमत बघा!" – तोल जातोय. धर.

"वर कोण राहतं?" – नक्की माहीत नाही. संध्याकाळकडे म्हणतात. भीती वाटत असावी. आपण म्हणायचं, "वर कोणी नाही, अहो, आपणच वर आहोत." मग गप्प होतात.

"वा, मॅडम, वा!" – ~~याला अर्थ नाही.~~ हे मला म्हणतात. तुला म्हणणार नाहीत.

वहीबाहेर

मालिकेचं नाव 'वर कोण राहतं?' एकूण सत्त्याऐंशी भाग. एक पाच मजली इमारत, तिचा सेक्रेटरी, त्याची बायको आणि भाडेकरू. भाडेकरूंना नावं नव्हती. तळमजला, दुसरा मजला, गच्ची, अशीच हाक मारायचे. कुणाच्याच नळाला पाणी येत नसे आणि त्याचा दोष कायम वरच्याला जाई.

हे पाणीपुरवठा खात्यात मीटर रीडर होते. तेव्हा त्यांच्या ऑफिसात एक कागद भिंतीला लावलेला होता, शहरातल्या पाण्याच्या दाबाचा आलेख. दर गुरुवारी रात्री आठला रेघ खड्ड्यात पडायची. मालिका संपायची आणि सगळं शहर एकदम लघवीला उठायचं. हे ती गोष्ट भेटेल त्याला सांगायचे. सांगताना हाताने रेघ काढायचे, खड्डा दाखवायचे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. हे आमच्या तळघरातला मीटर वाचायला आले, वर येऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पाण्याचं बोलू नका!" अकरा मुली हेडफोन काढून हसल्या. मी बारावी. मी जरा उशिरा हसले. यांना वाटलं, ही सगळ्यात जास्त वेळ हसतेय.

असं झालं आमचं.

खरं सांगायचं तर मला त्या मालिकेत हसायचं कुठे ते कधीच कळलं नाही. लोक हसले की कळायचं. सेक्रेटरीची बायको ट्रे घेऊन आत यायची आणि काहीतरी म्हणायची. "गरम आहे हं", "वरचे आले", "तुम्ही काल हेच म्हणालात". त्यावर सेक्रेटरी बोलायचा आणि लोक हसायचे. सत्त्याऐंशी भागांत त्या बाईच्या एकाही वाक्याला हशा नाही. मी मोजलेत. तिचं काम आधीचं वाक्य बोलण्याचं.

तिचं वाक्य चुकलं असतं तर सेक्रेटरी काय बोलला असता, असं मला कपडे वाळत घालताना कधीकधी वाटतं.

वहीबाहेर, बुधवार

सून रजा टाकून आली. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसाला साठ माणसांच्या दंडाला पट्टा बांधते. शांत मुलगी, उगाच बोलत नाही. मुलगा परगावी असतो, महिन्यातून दोनदा येतो. फोन मात्र रोज.

मी म्हटलं, "उभी राहा इथे. म्हण."

"अहो, वरचे आले."

हे छताकडे बघत पडून राहिले.

"अगं, बातम्या वाचतेस का? घाबरून म्हण. आणि आवाज जरा नाकातून काढ."

"अहो! वरचे आले!"

"आता भांडायला आल्यासारखं वाटतंय."

"आई, मला 'अहो' म्हणायला कसंतरी होतं. सासरे आहेत ते माझे."

"मग काय झालं, मी काय लग्न लावतेय तुमचं? म्हण."

सात वेळा झालं. सातव्यांदा यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा जिना आपला नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे तू चालत नाहीयेस त्यांना."

ती खुर्चीवर बसली. मी दारात जाऊन नुसतं "अहो, वरचे..." म्हणाले आणि हे "येऊ दे, मी बसलोय!" म्हणत उभे. मी धावत जाऊन पट्टा धरला. पोटात खालच्या बाजूला तो गोळा पुढे आला. एका हाताने तो आत दाबून धरला, दुसऱ्या हाताने यांना. आता हे रोजचंच.

सून बघत राहिली. मग म्हणाली, "लिहून ठेवा, लिहून ठेवा, हे पण त्यातलंच का?"

"तुला कसं माहीत?"

"आमच्या लॅबमध्ये सगळेच म्हणतात. तक्रार आली की साहेब म्हणतात, आणि आम्ही हसतो. मला वाटायचं साहेबांचंच आहे."

"तुला हसू येतं त्याचं?"

तिने विचार केला. "सगळे हसतात ना, म्हणून."

मी "मलाही" म्हणणार होते. पण हे उभे होते, ऐकत होते. मी म्हणाले, "चल, आता भरवायचं शीक."

वहीबाहेर, गुरुवार

स्पीच थेरपीवाली बाई आठवड्यातून एकदा येते. बत्तीस-तेहतीसची असेल. मोठी पिशवी, चित्रांचे पत्ते, मनगटावर घड्याळ उलटं. मी तिला वही दाखवली. कौतुक होईल असं वाटलं होतं.

तिने पुढची पानं वाचली, मागची वाचली, वही मिटली.

"काकू, तुम्ही किती सुंदर समजून घेता त्यांना."

"चौदा महिने झाले."

"तेच अडतंय."

"काय अडतंय?"

"पाठ झालेली वाक्यं डोक्याच्या वेगळ्या कप्प्यात असतात. तो कप्पा शाबूत आहे. त्यामुळे गाणी, शिव्या, असले डायलॉग फटाफट येतात. स्वतःचा शब्द शोधायला त्यांना दहा सेकंद लागतील, वीस लागतील, मिनिटसुद्धा लागेल. तुम्ही त्यांना दोन सेकंदही देत नाही. आधीचं वाक्य तुम्ही बोलता, पुढचं ते बोलतात, आणि काम होऊन जातं. मग शब्द शोधायचा कशाला?"

"काम व्हायला नको?"

"हवं. पण शब्दही हवेत ना."

"हे बघ पोरी," मी म्हणाले, "तू आठवड्यातून पाऊण तास येतेस. तू थांब मिनिटभर. मी थांबले तर पलंग ओला होतो, चादर मी बदलते."

ती वाईट बोलली नाही. पत्ते पिशवीत भरले. मग जाताना दारात म्हणाली, "दीड वर्षानंतर सुधारणा फार हळू होते, काकू. म्हणून बोलले."

चौदा गेले. चार राहिले. त्यातले तीन मी उचलू शकणार नाही.

वहीत, पान तिसरं

५. दुपारी कूस बदलायची. दोनला आणि चारला.

६. रक्तदाबाची गोळी निळ्या झाकणाची. रक्त पातळ होण्याची पांढऱ्या. उलटं करू नकोस. तू लॅबवाली, तुला काय सांगायचं.

७. थेरपीवाली बाई काहीही म्हणाली तरी...

८. मुलाचा फोन साडेसहाला येतो. तो म्हणतो, "काय सेक्रेटरी, वर कोण राहतं?" मग त्या दोघांचं चालतं. दोन-तीन मिनिटं. फोन स्पीकरवर टाकून पांघरुणावर ठेवायचा.

वहीबाहेर, शुक्रवार

मला ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना जायचं होतं. रक्त, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख. तीन तास. सून म्हणाली, जा, मी आहे. तिने पुढची पानं वाचली होती. मागूनही वही सुरू होते, हे वाक्य पानाच्या अगदी तळाशी होतं आणि तिच्या नजरेतून निसटलं.

परत आले तेव्हा टीव्ही बंद होता. अकरा वाजून गेले होते. फरशीवर सुपाचा डाग. ती कॉटशेजारी स्टुलावर, हात मांडीत. नाक लाल. हे उशीला टेकून बसलेले, डोळे मिटून.

"काय झालं?"

"आई, मला माफ करा. बाबा तहानलेले राहिले. तास, सव्वा तास तरी."

"म्हणजे?"

तिने सांगितलं ते असं. दहाच्या सुमारास हे म्हणाले, "पाण्याचं बोलू नका!" तिला वाटलं, बरं, नको तर नको. तिने पाण्याचा विषय काढला नाही. टेबलावरचा तांब्याही उचलून बाजूला ठेवला, दिसून त्रास नको. हे पुन्हा म्हणाले. ती म्हणाली, "नाही बाबा, नाही बोलत." पुन्हा म्हणाले. "अहो खरंच नाही बोलत." चौथ्यांदा, पाचव्यांदा. यांनी चांगला हात आपटला, सुपाची वाटी गेली. तिने टीव्ही लावला, तर त्यात कोणीतरी नेमकं तेच वाक्य बोललं आणि लोक हसले. हे इतके रडले की तिने टीव्ही बंद केला.

"मग मी काहीच केलं नाही," ती म्हणाली. "मला सुचलंच नाही काही. त्यांचा हात धरून बसले. आमच्याकडे कुणाची शीर सापडत नाही ना, तेव्हा बसतो तसं. ते माझ्याकडे बघत होते. तोंड हलवत होते. मासा कसा करतो, तसं. मला वाटलं आणखी एक झटका येतोय. मी फोन घ्यायला उठणार, तेवढ्यात म्हणाले."

"काय म्हणाले?"

"पाणी."

मी पर्स खांद्यावरून काढली नव्हती.

"नुसतं? की 'पाण्याचं'..."

"नुसतं. पाणी. दोनदा म्हणाले. मी दिलं तर सगळा ग्लास प्यायले आणि मग पुन्हा म्हणाले. मी आणखी आणलं. तर नको होतं. त्यांना फक्त म्हणायचं होतं."

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठेतरी खाली. वर आला तो राग. चौदा महिने मी या माणसाला एक घोट उशिरा दिला नाही. हे वाक्य संपायच्या आत ग्लास हातात. चौदा महिन्यांत एक शब्द नाही, आणि ही मुलगी येते, त्यांना तास-सव्वा तास तहानलेलं ठेवते, आणि हिला शब्द मिळतो.

"फरशी पुसून घे," मी म्हणाले. "चिकट होते."

ती पुसायला वाकली. मग मीच फडकं काढून घेतलं. वाकताना पोटात कळ आली आणि मी तशीच फरशीवर बसले. आम्ही दोघी तिथेच बसलो. वर कॉटवर हे घोरत होते.

"आई," ती हळूच म्हणाली, "त्या सिरीयलमध्ये ते वाक्य पाणी मागायला नव्हतं ना?"

"नाही. कोणी पाण्याचं विचारलं की सेक्रेटरी त्याला गप्प करायचा."

"मग तुम्हाला कसं कळतं त्यांना पाणी हवंय?"

 कळतं. मला कळतं, हेच तर.

वहीबाहेर, शनिवार

ठरवून बसले. सून बाजारात गेलेली. साडेनऊला हे म्हणाले, "पाण्याचं बोलू नका!"

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. दहा सेकंद. वीस. यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काही मोठं नव्हतं. ऑफिसातून आल्यावर चहा यायला वेळ लागला तर बघायचे, तेवढंच. तेहतीस सेकंद. "पाण्याचं बोलू नका!" तोंड हलायला लागलं का? मला वाटलं हललं.

छत्तिसाव्या सेकंदाला ग्लास त्यांच्या ओठांना होता. मी कधी उठले, मला आठवत नाही.

"वा, मॅडम, वा!" हे म्हणाले.

वहीबाहेर, रविवार

मागची पानं फाडावीत का, असं मी सुनेला विचारलं होतं. तिने मुलाला सगळं सांगितलं. साडेसहाला त्याचा फोन आला तो माझ्यासाठीच.

"आई, वही फाडतेस म्हणे?"

"मागची पानं. ठरलं नाही अजून."

"अगं, त्यांच्याकडे तेवढंच उरलंय. तेवढ्यावर ते हसतात तरी. ते पण काढून घ्यायचं? तहानेने रडवायचं माणसाला, एका शब्दासाठी?"

"दोनदा म्हणाले."

"काय?"

"पाणी. दोनदा. नको असतानाही म्हणाले."

"मला माहितेय गं, ऐकलं मी. पण उद्या मी फोन केला आणि 'काय सेक्रेटरी' म्हटलं, तर ते बोलतात माझ्याशी. दोन मिनिटं का होईना, आम्ही बोलतो. ते बंद झालं तर मी काय बोलू?"

"तूच सांग. काय बोलशील?"

पलीकडे त्याने घसा खाकरला.

"लहानपणापासून तू त्यांच्याशी दुसरं काय बोललास?" मी म्हणाले. आवाज चढवला नाही, चढवायला जोर नव्हता. "नापास झालास तेव्हा ते काय म्हणाले? 'लिहून ठेवा.' नोकरीसाठी गेलास तेव्हा? 'आता गंमत बघा.' तू स्टेशनवर हसलास. मग गाडी सुटल्यावर हे बाकावर बसून राहिले, आणि मी म्हटलं चला, तर म्हणाले 'मी बसलोय'. आणि त्या दिवशी खरंच उठले नाहीत, अर्धा तास. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनी तुला कधी सांगितलं? मला तरी कुठे सांगितलं? तेव्हा तर मेंदू धड होता."

"आई, तू दमलीयेस."

"हो."

"ऑपरेशन होऊ दे. मग बघू."

"मग बघायला वेळ नाही. मी परत आले की पुन्हा मीच असणार. काल छत्तीस सेकंद थांबले मी. जास्तीत जास्त तेवढंच जमतं मला. म्हणून जे काय व्हायचं ते या अकरा दिवसांत, मी नसताना."

 मी त्याला म्हणाले, "उद्यापासून फोन केलास की त्यांना विचार, जेवलात का. आणि थांब." तो म्हणाला, "किती?" मी म्हणाले, "मला कशाला विचारतोस, मला येतं का ते?"

मग मागची पानं फाडली. पाच होती. पुढच्या पानांवर गोळ्या, कूस बदलायच्या वेळा, पट्टा कसा धरायचा, एवढं ठेवलं. बाकीच्यावर रेघ मारली. पहिल्या कलमावर पेन अडलं.

"उठवायचं कसं?" मी सुनेला विचारलं. "तेवढं वाक्य राहू दे का? पडले बिडले तर?"

ती भांडी पुसत होती. "मला ते येतच नाही ना, आई. राहिलं काय, गेलं काय."

"मग?"

"मी सांगीन, बाबा, उठायचंय. आणि पट्टा धरून थांबेन."

"आणि नाही उठले तर?"

"तर चादर बदलेन."

मी रेघ मारली.

दवाखान्यातून

मंगळवारी ऑपरेशन झालं. त्या दिवशीचं सुनेने दुसऱ्या दिवशी सांगितलं. हे सकाळी साडेनऊपर्यंत उठलेच नाहीत. चादर दोनदा बदलली. दुपारी चमचा फेकला, तो कपाटाच्या काचेला लागला, काच गेली. संध्याकाळी "वर कोण राहतं?" असं अठरा वेळा म्हणाले. तिला उत्तर माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही, बाबा," आणि दिवे लावले.

बुधवारी पाऊण तासाने उठले. शब्द नाही.

मुलाने मंगळवारी फोनवर विचारलं, जेवलात का. आणि थांबला. दोघंही काही बोलले नाहीत. चार मिनिटं. मुलाने मग सुनेला मेसेज केला की हे फार भयंकर आहे. आणि बुधवारी पुन्हा फोन केला.

मी हे सगळं ऐकत खाटेवर पडून होते आणि मला वाटत होतं, उठावं, रिक्षा करावी, घरी जावं, दारात उभं राहून चार शब्द बोलावेत. हे ताडकन उभे राहतील. सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल. एवढंच तर करायचं. मी कुशीवर वळायचा प्रयत्न केला आणि नर्स ओरडली.

गुरुवारी दुपारी तीनला सुनेचा फोन आला. "बाबांना देते," म्हणाली. "मी काही सांगितलं नाहीये त्यांना. त्यांनीच बोट दाखवलं."

फोनमध्ये यांचा श्वास ऐकू आला. नाकातून थोडी शिट्टी वाजते.

मी "अहो" म्हणाले आणि पुढचं गिळलं. जिभेच्या टोकाशी चार-पाच वाक्यं तयार उभी होती, प्रत्येकाचं पुढचं त्यांच्याकडे तयार असणार. एक टाकलं असतं तर मिनिटात दोघं मोकळे झालो असतो. मी ओठ दाबून धरले. हात मांड्यांखाली घालता येत नव्हते, एकात सलाइनची सुई होती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, तिकडे मुद्दाम पाहिलं नाही.

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "लाइन गेली वाटतं तुमची."

मी मान हलवून नाही म्हटलं.

पलीकडे ओठांचा आवाज आला. उघडले, मिटले. पुन्हा उघडले. सून मागून काही बोलत नव्हती. चांगली मुलगी आहे.

"टा," हे म्हणाले.

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"टाके."

"हो," मी म्हणाले. "घातलेत."

मग पुन्हा ते सगळं, ओठ, शिट्टी, कुठेतरी भांडं सरकल्याचा आवाज. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघायचं सोडून दिलं, ती मासिक वाचायला लागली.

"कि. किती?"

"सात."

"सात," हे म्हणाले. जणू मीटरवरचा आकडा वाचून पुन्हा खात्री करून घ्यावी तसं. मग म्हणाले, "दुख."

मला कळलं नाही, हे विचारतायत की सांगतायत. मी थांबले. मला थांबता येत होतं. लांबून जरा सोपं जातं.

"दुखतं?" हे म्हणाले.

मी तोंड उघडलं ते "नाही हो, काही नाही" म्हणायलाच. आयुष्यभर हेच म्हटलंय, बाळंतपणातसुद्धा. तोंड तसंच उघडं राहिलं. त्या माणसाने एवढा वेळ घालवून एक प्रश्न विचारला होता.

"हो," मी म्हणाले. "दुखतंय. खोकला आला की जास्त."

 त्यांनी फोन ठेवला नाही. वाट बघत होते. मग मी सांगायला लागले. खोकला यायच्या आधी उशी कशी पोटाशी घट्ट धरायची, उठून बसायला दोरी बांधलीय ती कशी धरायची, सकाळी पहिल्यांदा उभं केलं तेव्हा डोळ्यांपुढे कसं पांढरं झालं आणि मला किती भीती वाटली. बोलता बोलता मला धाप लागली. थांबत थांबत बोलावं लागलं, एकेक शब्द. ते ऐकत होते.